कॅलेंडरच्या पाठीवरचे बोर्ड

गोदू भोपीच्या लोखंडी कपाटात नऊ वर्षांचे महिने पालथे पडलेले असत. जुन्या कॅलेंडरची पानं. पुढून तारखा, एकादश्या, संकष्ट्या आणि दूधवाल्याचे खाडे. मागून कोरं पांढरं होतं तिथं निळ्या शाईत एकेक बोर्ड. वर्कशॉपमध्ये कुणी म्हणालं, "गोदू, तो ऑगस्ट सत्याऐंशी काढ गं," की ती मागे न बघता हात घालून बरोबर पान ओढायची. ऑगस्ट सत्याऐंशी म्हणजे भातगिरणीचा बोर्ड. जानेवारी नव्वद म्हणजे जासईच्या कंटेनर यार्डातला वजनकाटा. आपट्याच्या पाणीयोजनेचा पंप मे महिन्याच्या पाठीवर होता.

पनवेलला वडाळे तलावाच्या मागे दोन गाळ्यांत अविनाश कर्णिकांचं वर्कशॉप होतं. पंप, काटे, भट्ट्या आपोआप चालू-बंद करणारे डबे तिथं तयार होत. डब्यात हिरवा बोर्ड, बोर्डावर चकचकीत पायांच्या काळ्या चिपा, आणि त्यातल्या एका चिपेत प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमचा जो भाग बोर्डावरच्या एकेका वस्तूशी बोलतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर. गोदूच्या नवऱ्यानं, आनंदा भोपीनं, लग्नानंतर पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मिशीवर ताव दिला होता. तो टेम्पो चालवायचा.

"ड्रायव्हर? मंजे माज्यासारका?"

"तुमच्यासारकाच," गोदू म्हणाली, "पन डोले बांदलेला. समोर काय हाय ते त्याला दिसत नाय. कोनीतरी बाजूला बसून सांगाय लागतं, आता डावीकडं खड्डा हाय, आता पूल हाय."

"आनि बाजूला कोन बसतं?"

"मी."

ती ओवे गावची पोर. बापाची खाडीकाठची शेती, भाऊ जाळ्यावर. दहावीला गणितात एकोणऐंशी पडले तेव्हा मास्तर घरी पेढे घेऊन आले होते, आणि बापानं विचारलं होतं, "पोरीनं काय केलान?" पंच्याऐंशी साली ती वर्कशॉपमध्ये डाग मारायला म्हणून लागली. सोल्डरिंगला तिकडे डाग मारणंच म्हणत. तेव्हाचा प्रोग्रॅमर दिवसातून वीस वेळा पुढच्या खोलीतून उठून तिच्या टेबलापाशी यायचा: या बोर्डावर डिस्प्ले कुठल्या पत्त्यावर आहे, हे बटण दाबलं की तार खाली जाते की वर, चिपेची चाल ठरवणारा क्रिस्टल कितीचा लावलाय. एकदा वैतागून गोदूनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर सगळं लिहून त्याच्या हातात ठेवलं. "हे घ्या. आता दुपारपर्यंत उटू नका."

तो उठला नाही. दुपारीच काय, संध्याकाळपर्यंत उठला नाही, आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. तेव्हापासून प्रत्येक नव्या बोर्डाला गोदूचा कागद लागू लागला. पुढं तो प्रोग्रॅमर आखातात गेला, कागद राहिले.

तिची लिहिण्याची रीत तिची होती. "मुख्य चिपला हाक मारायची तर पत्ता आठ हजार. स्वतःहून हाक देते ती पहिल्या तारेवर. क्रिस्टल ११.०५९२, बारा समजू नये. करंट दिल्यावर डिस्प्ले जागा व्हायला अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात विचारलं तर खोटं सांगतो." कंपनीच्या जाड इंग्रजी पुस्तकातून ती एक अक्षर उतरवत नसे. मीटर लावायची, प्रत्येक पायाला टोचून बघायची आणि मगच लिहायची. अविनाश एकदा म्हणाला, "अगं, पुस्तकात दिलंय की."

"पुस्तकात चिप कशी आसावी ते दिलंय साहेब. ही कशी हाय ते मी लिवते."

अविनाशनं ते वाक्य पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. सांगता सांगता ते त्याचंच होऊन गेलं, पण गोदूचा कागद चुकत नाही ही गोष्ट मात्र गोदूचीच राहिली. तिला तिचा अभिमान होता, आणि तो लपवायची तिला सवय नव्हती.

घरी त्याचा जाच आनंदाला. त्याच्या टेम्पोचा डिझेलचा काटा तीन वर्षं अर्ध्यावर अडकलेला होता. टाकी भरलेली असो वा सुकलेली, काटा अर्ध्यावर. आनंदा सीटखालच्या टाकीच्या पत्र्यावर बुक्की मारून आवाजावरून डिझेल ओळखायचा. एकदा तो तापानं पडला, बदली माणूस टेम्पो घेऊन आपट्याला गेला आणि पुलावर बंद पडला. तो भर उन्हात चार मैल चालत आला तो थेट आनंदाच्या अंथरुणाशी.

"काटा अर्दा दावत होता, आनंदा!"

"तो काय, दावतोच," आनंदा गोधडीतून म्हणाला. "सगल्यांना ठाव हाय."

गोदूनं त्या दिवशी तापातल्या नवऱ्याची जी हजेरी घेतली ती शेजारच्या चार घरांनी ऐकली. "सगल्यांना ठाव हाय म्हंजे कोनाला? तुमाला आनि त्या टेम्पोला! चिट्टी लावता येत नवती काट्यावर?" नंतर तिनं खरंच चिठ्ठी लिहून काट्यावर चिकटवली. "खोटा काटा. बुक्की मारून बघणे."

*

चौऱ्याण्णव साली गणपती झाल्यावर मिताली देवस्थळी वर्कशॉपमध्ये आली. ठाण्याची, इंजिनिअर झालेली, तेवीस वर्षांची, खांद्याला शबनम. तीन महिने बघायचं आणि मग ठेवायचं, असं अविनाशनं तिला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तिनं कपाट उघडून तास-दीड तास पालथी कॅलेंडरं वाचली आणि गोदूपाशी येऊन म्हणाली, "गोदूताई, हे तुम्ही लिहिलंय?"

"का? अक्षर वाईट हाय?"

"नाही हो! कॉलेजात चार वर्षांत मला कुणी हे इतकं नीट सांगितलं नाही."

गोदूनं तिला 'मॅडम' म्हणायचं थांबवलं ते त्या मिनिटाला.

दुपारी दोघी एकत्र डबा खात. गोदूच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी असली की मिताली आधी नाक मुरडायची, मग एक घास मागायची, मग अर्धा डबा संपवायची. "तुमी बामनं लय हुशार," गोदू म्हणायची, "वासाला नावं ठेवतात आनि बोटं चाटतात."

मितालीच्या डोक्यात एक नवीन चाल होती. आजवर प्रत्येक बोर्डासाठी वेगळा ड्रायव्हर लिहिला जाई. त्या बोर्डाच्या खोडी त्या ड्रायव्हरच्या पोटातच लिहून टाकलेल्या असत. ती म्हणाली, ड्रायव्हर एकच ठेवू. बोर्डाची माहिती वेगळ्या तक्त्यात लिहू. पत्ता, तार, क्रिस्टल, जागा व्हायचा वेळ, सगळ्याला एकेक रकाना. ड्रायव्हर सुरू झाला की आधी तक्ता वाचेल आणि तसा वागेल. बोर्ड बदलला तर तक्ता बदला, ड्रायव्हरला हात लावू नका. तक्ते ती गोदूच्या कागदांवरून भरणार होती.

"आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर?" अविनाशनं विचारलं.

"तर साधी समजूत धरायची. म्हणजे पायावर एक दिला की वस्तू चालू, शून्य दिला की बंद. जगभर असंच धरतात."

"माज्या कागदात रिकामं काय नसतं," गोदू पलीकडून म्हणाली. डाग मारता मारता, मान वर न करता.

अविनाश खूश झाला. तळोज्याची एक मोठी कंपनी त्याचे डबे कायम घ्यायला तयार होत होती, पण त्यांना कागदपत्रं नीट हवी होती. दिवाळीत त्यानं गोदूला बोलावून सांगितलं की नव्या वर्षापासून तपासणीचं खातं वेगळं करायचं, त्याची मुख्य ती, आणि खिडकीजवळचं टेबल तिचं. त्या टेबलावर सकाळचं ऊन यायचं. आजवर तिथं फक्त गिऱ्हाइकं बसत. गोदूनं घरी जाऊन हे आनंदाला सांगितलं तेव्हा आनंदा म्हणाला, "टेबलाला खन हाय का?" दोन खण होते, तेही कुलपाचे. दोघं बराच वेळ त्या खणांचंच बोलत बसले.

*

जासईच्या हरेश कडूनं खाडीलगतच्या जमिनीत कोलंबीचं तळं केलं होतं. कोलंबीच्या तळ्यात पाणी घुसळणारी चाकं असतात. तिकडे त्यांना चक्री म्हणत. दिवसा ऊन असतं तोवर पाण्यातलं शेवाळच पाण्याला हवा पुरवतं. सूर्य बुडाला की ते काम चक्रीनं करायचं, सकाळपर्यंत. रात्री चक्री थांबली तर कोलंबी गुदमरते. हरेशला रोज दिवेलागणीला तळ्यावर धावायचा कंटाळा आला होता. त्याला असा डबा हवा होता की संध्याकाळी सहाला चक्री आपोआप चालू, सकाळी सातला बंद.

हे मितालीच्या नव्या ड्रायव्हरचं पहिलं काम. मोटर चालू-बंद करणारा रिलेचा बोर्ड फिटरबरोबर आधीच जासईला जाऊन बसला होता. रिले म्हणजे चिपेच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारं लोखंडी बटण. मितालीनं हा बोर्ड डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. तिच्याकडे होता त्याच जातीच्या बोर्डाचा, मार्च एक्क्याण्णवचा कागद. त्यावरून तिनं तक्ता भरला, रिलेच्या जागी दिव्यांची ओळ लावून प्रोग्रॅम तपासला. एक दिला की दिवा लागत होता, शून्य दिला की विझत होता.

शनिवारी सकाळी साडेदहाला अविनाश आणि गोदू आनंदाच्या टेम्पोतून जासईला गेले. पुढं तिसऱ्याला जागा नव्हती म्हणून मिताली वर्कशॉपमध्येच राहिली. तळ्याच्या बांधावर हरेश, त्याच्या घरची सहा-सात माणसं, आणि तळ्याचा राखणदार शुक्रा. शुक्रा डोंगराकडच्या वाडीतला कातकरी, पन्नाशीचा, बोलायला कमी.

चिप बसवली. घड्याळ लावलं. अविनाशनं बटण दाबलं. रिले खट्ट करून ओढला गेला आणि तळ्यातली चारी चाकं एकदम फिरायला लागली. पाणी पांढरं झालं, तुषार बांधापर्यंत आले. पोरासोरांनी आरडाओरडा केला.

"चाल्ली! चाल्ली रं!" हरेशनं नारळ फोडला. "गोदूबाय, तुमच्या वर्कशापानं नाव काडलं!"

गोदूनंही टाळ्या वाजवल्या. पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि खोबरं खाल्लं. भर दुपारचे सव्वाबारा झाले होते, डोक्यावर ऊन होतं, आणि त्या वेळी ती चक्री गप्प असायला हवी होती, हे बांधावरच्या एकाच्याही मनात आलं नाही. मशीन चालू झालं म्हणजे मशीन चाललं, एवढंच सगळे बघत होते.

ते परत आल्यावर मितालीनं विचारलं, "कसं झालं?"

"झकास चाललं," अविनाश म्हणाला.

"वेळ लावली ना बरोबर?"

"मी सोता लावली," गोदू म्हणाली.

*

सोमवारी सकाळी हरेश आला तो टोपली घेऊनच. टोपली त्यानं अविनाशच्या टेबलावर पालथी केली. करड्या, वाकड्या, मेलेल्या कोलंब्या कागदांवर पसरल्या.

"घ्या शेठ. तुमच्या मशिनीचं पयलं पीक."

सगळं वर्कशॉप उठून उभं राहिलं. हरेशचा आवाज चढत नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. शनिवारी संध्याकाळी तो आपट्याला हळदीला गेला होता. जाताना शुक्राला बजावून गेला, मशीन आपलं आपण बघतं, तू हात लावू नको. संध्याकाळी सहाला चक्री थांबली. शुक्राला नवल वाटलं, पण त्याला हात लावू नको सांगितलं होतं, त्यानं लावला नाही. पहाटे फटफटलं तेव्हा तळ्याच्या कडेला कोलंबी थव्यानं वर येऊन तोंडं उघडत होती.

"मंग त्यानं माजं ऐकायचं सोडलान," हरेश म्हणाला. "डब्याची वायर उपटलीन, मोटर डायरेक जोडलीन आनि सोता गलाभर पान्यात उतरून काठीनं पानी बडवत ऱ्हायला. तो व्हता म्हनून तलं वाचलं. नायतर आज टोपलीच्या ठिकानी टेम्पो आनला असता."

हरेशनं बरोबर आणलेला मशीनचा डबा अविनाशनं उघडला, करंट दिला, रिलेकडे बघितलं आणि पाच मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड लाल झालं. "मिताली, तू एक दिला की चालू धरलंस?"

"हो."

"आपले रिले उलटे असतात! शून्य दिला की चालू, एक दिला की बंद. इथं झाडू मारणाऱ्या बाईलासुद्धा माहीत आहे हे!"

"सर, कागदात तसं नव्हतं. रकाना रिकामा होता म्हणून मी..."

"गोदूच्या कागदात नव्हतं?" अविनाश हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "नऊ वर्षांत गोदूच्या कागदात एक गोष्ट राहिलेली नाही. तू वाचलं नसशील. घाईत सुटलं असेल. इंजिनिअर झालीस म्हणून डोळे..." तो थांबला. "गोदू, मार्च एक्क्याण्णव काढून ठेव. मी हरेशला जेवायला नेतो, आल्यावर बघू. आणि मिताली, असं असेल तर तीन महिने पुरे व्हायची वाट बघायचं काही कारण नाही."

दोघं गेले. माणसं आपापल्या जागी गेली. मिताली पुढच्या खोलीत जाऊन बसली. तिनं जेवणाचा डबा उघडला नाही.

गोदूनं कपाटात हात घातला. मार्च एक्क्याण्णव. वरून खाली वाचलं, मग खालून वर. पत्ता होता. तार होती. रिले ओढायला किती वेळ घेतो ते होतं, तो सुटताना टिचकीसारखा आवाज करतो हेसुद्धा होतं. उलटा आहे, हे नव्हतं.

तिनं एप्रिल काढला. नव्हतं. ऑगस्ट सत्याऐंशी. नव्हतं. एकाही रिलेच्या कागदावर नव्हतं. कधीच लिहिलं नव्हतं. लिहायचं सुचणारच कसं? इथले सगळेच रिले उलटे. पहिल्या दिवसापासून उलटे. खाडीचं पाणी खारट आहे असं कुणी कागदावर लिहितं का? जुन्या प्रोग्रॅमरला ठाऊक होतं, त्यानं प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात ते लिहून ठेवलं होतं आणि तो विमानात बसून गेला होता. ठाऊक नव्हतं ते एकट्या मितालीला. ती नवीन होती आणि तिनं कागदावर विश्वास ठेवला होता.

कागदाच्या तळाला दोन बोटं जागा कोरी होती.

पेन तिच्या पदराला अडकवलेलं होतं. तीच निळी शाई, तेच अक्षर. एक ओळ. एका ओळीला किती वेळ लागतो? अविनाश तासाभरानं येणार. ओळ बघणार, "बघ, म्हणालो नव्हतो" म्हणणार. गोदूचा कागद चुकत नाही. खिडकीतलं ऊन, दोन खण, कुलूप. मिताली ठाण्याची, शिकलेली. तिला दुसरी नोकरी मिळेल. तिला मिळेलच. आपल्याला हे सोडून काय येतं?

गोदूनं कागद टेबलावर ठेवला आणि ती ओळ लिहिली. "हा रिले उलटा आहे. पायावर शून्य दिला की चालू, एक दिला की बंद." शाई वाळली की ओळ जुन्या ओळींत मिसळून गेली. कुणाला कळलं नसतं.

मागे पावलं वाजली. मिताली. डोळे पुसून आली होती. "गोदूताई, मला एकदा बघू दे ना कागद. मला नीट आठवतंय, पण..."

तिनं वाचलं. त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग ती खाली स्टुलावरच बसली.

"होतं की," ती हळूच म्हणाली. "होतं. मी वाचलंच नाही. मला शपथेवर वाटत होतं की नव्हतं. असं कसं झालं हो माझं?"

गोदूला मेलेल्या कोलंब्या बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. ही पोर आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडत होती. गोदूच्या अक्षराखातर. आणि त्याच क्षणी, कुठून कोण जाणे, तिला आनंदा गोधडीतून बोलताना ऐकू आला: सगल्यांना ठाव हाय. तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला, चार घरांना ऐकू गेलेला.

"उट," ती म्हणाली. "दे इकडं तो कागद."

तिनं पेन काढलं आणि नव्या ओळीच्या शेजारी, दाबून, शाई पाठीमागच्या एकादशीपर्यंत उतरेल अशी लिहिलं: "ही ओळ आज लिहिली. २१ नोव्हेंबर ९४. आधी नव्हती. गोदू."

मितालीनं दोनदा वाचलं. "म्हणजे... ताई, तुम्ही मगाशी..."

"हां. मगाशी. आता बोलू नको कायपन, नायतर मी रडेन, आनि माजं रडनं लय वाईट दिसतं."

*

अविनाश आणि हरेश पान खाऊन परत आले. गोदूनं कागद दोघांच्या मधे ठेवला आणि ती उभी राहिली.

"साहेब, पोरीचं काय चुकलं नाय. तिनं कागदावर व्हतं तेवडं वाचलं. चूक माजी. नऊ वर्सं मी ती ओल लिवली नाय, कारन मना वाटलं सगल्यांना ठाव हाय. हरेशभाव, टोपली माज्या टेबलावर ओतायला पायजे व्हती."

अविनाशनं कागद उचलला, तारीख वाचली, पुन्हा वाचली. त्याला राग कुणावर काढायचा ते कळेना. "अगं पण, गोदू," तो शेवटी म्हणाला, "तू का नाही..."

"तुमी तरी का नाय सांगितलंत? रिले उलटा का लावतो आपन? नऊ वर्सांत कोनी इचारलं नाय, तुमी सांगितलं नाय."

अविनाश खुर्चीत बसला. मग त्यानं सांगितलं, आणि ते ऐकायला सोल्डरिंगवाल्या बायकासुद्धा पुढं सरकल्या. लाइट गेली आणि परत आली की ही चिप उठताना आपल्या सगळ्या पायांवर एक ठेवते. जागी होऊन शुद्धीवर येईस्तोवर. रिले सरळ असता तर त्या घटकेला प्रत्येक मोटर उगाच चालू झाली असती. पनवेलची लाइट दिवसातून चारदा जाणार, म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं ठरवलं होतं की रिले उलटेच लावायचे.

"हे किती भारी आहे, सर," मिताली म्हणाली, सगळं विसरून. "हे कुठं लिहिलंय?"

"कुठं नाही," अविनाश म्हणाला. "मला माहीत होतं."

हरेश मोठ्यानं हसला. "मना वाटलं व्हतं शिकलेली मानसं येडी नसतात. आमी आडानी मंजे, दुपारच्याला चक्री फिरली तं नारल फोडतो. शेठ, तुमी पन खोबरं खाल्लंत, गोदूबायनं पन! तिगांतल्या एकाच्या टकुऱ्यात आलं नाय, रं ही आता का फिरतेय!" मग हसणं थांबवून तो म्हणाला, "डबा शनवारपर्यंत पायजे. आनि या टायमाला ही बाय येल," त्यानं मितालीकडे बोट केलं, "जिनं नारल फोडला नाय ती."

खिडकीचं टेबल नव्या वर्षात गोदूला मिळालं नाही. तळोज्याची कंपनी कागद बघायला येणार होती, आणि अविनाशनं आधी सगळे कागद पुरे करायला सांगितले. एकूण अठ्ठ्याहत्तर. गोदूनं ते सगळे परत मीटर लावून तपासले. मिताली शेजारी बसून अडाण्यासारखे प्रश्न विचारायची, तेच तिचं काम ठरलं होतं. हे असं का? तारेचा रंग लाल म्हणजे काय समजायचं? खाली म्हणजे नक्की कुठली बाजू? गोदू कावायची, "तुजी आई कशी वागवते गं तुला?" आणि मग लिहायची. प्रत्येक कागदाच्या तळाला तिनं एक नवं शीर्षक घातलं: "सगळ्यांना ठाऊक असलेलं." काही कागदांवर त्याखालचा मजकूर वरच्यापेक्षा लांब झाला. एकेका ओळीपुढे तारीख आणि 'आधी नव्हती'. मितालीनं तक्त्यात उलट्या-सरळ्याचा रकाना असा केला की तो रिकामा राहिला तर ड्रायव्हर सुरूच होत नसे.

*

पण हे पुढचं. त्या शनिवारी आनंदाच्या टेम्पोत पुढं गोदू आणि मिताली बसल्या आणि अविनाश मागे डब्याशेजारी. मितालीनं काट्यावरची चिठ्ठी वाचली आणि न विचारता पत्र्यावर बुक्की मारली.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

"अर्दी हाय," आनंदा म्हणाला. "शिकशील."

बांधावर या खेपेला गर्दी नव्हती. हरेश होता, शुक्रा होता. साडेबारा वाजले होते, ऊन मागच्यासारखंच होतं. चिप बसवली, घड्याळ लावलं, आणि मितालीनं गोदूकडे बघितलं. गोदूनं बटण दाबलं.

काही झालं नाही. रिले बोलला नाही. चाकं जागची हलली नाहीत. तळं आरशासारखं पडून होतं आणि एक बगळा चाकाच्या पात्यावर येऊन बसला.

"बंद हाय," शुक्रा म्हणाला.

"बंदच पायजे," गोदू म्हणाली.

तिनं घड्याळ पुढं सरकवून सहा वाजवले. खट्ट. चारी चाकं फिरली, बगळा उडाला. घड्याळ परत मागे आणलं. चाकं थांबली. पाणी हळूहळू निवळलं. चालणाऱ्या मशीनपुढं काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. गप्प बसलेल्या मशीनपुढं काय करतात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

हरेशनं पिशवीतून नारळ काढला आणि गोदूपुढं धरला. "फोडायचा का गं बाय? का आदी कागद बगतेस?"

गोदूनं खरंच पिशवीतून मार्च एक्क्याण्णव काढला. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं, समोरच्या थांबलेल्या चाकाकडे बघितलं, परत ओळीकडे बघितलं. मग तिनं नारळ घेतला आणि शुक्राच्या हातात दिला.

"तू फोड," ती म्हणाली. "तू पान्यात उतरलास."

शुक्रानं नारळ दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं. खोबरं वाटलं जाईपर्यंत गोदू बांधावर बसली आणि गुडघ्यावर कागद ठेवून आणखी एक ओळ लिहिली: "दुपारी बघायला गेल्यास चाक थांबलेलं दिसेल. ते बरोबर आहे." पुढं तारीख टाकली.